सांगू नको, पुसू नको

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांची, कळव्याला राहते. मला ‘तू’च म्हणा. आम्ही मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि थोरले काका त्यासाठी छोटीशी स्मरणिका छापतायत. फोटो आणि आठवणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. दर रविवारी आजीसमोर एकेक फोटो ठेवते आणि ती जे बोलते ते फोनवर रेकॉर्ड करते. चोरून नाही, फोन समोरच असतो.

तिसऱ्या रविवारी धाकट्या आत्याचा फोटो निघाला. सहा वर्षांची, झालरीचा फ्रॉक, कानाला स्टुडिओतला खोटा टेलिफोन. स्टुडिओच्या पाकिटावर तारीख २४ ऑक्टोबर १९८२. मी सहज म्हटलं, “आजी, तेव्हा तर संप चालू होता ना? मग नवा फ्रॉक, फोटो?” आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “तुजे आजोबा जायाचे कामाला. रातचे. मागल्या गेटानं.” वीस मिनिटं बोलत होती. शेवटी म्हणाली, “ह्ये कुनाला सांगू नको. पन पुसून टाकू नको.”

आमच्या घरात आजोबा म्हणजे शेवटपर्यंत संपात राहिलेला माणूस. काका तेव्हा अठरा वर्षांचे होते, स्वतः मोर्च्यांना जायचे. स्मरणिकेत त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलंय, ‘उपाशी राहिले, पण गेटच्या आत पाऊल टाकलं नाही.’ हे छापू द्यायचं का? आजीचं रेकॉर्डिंग काकांना, बाबांना ऐकवायचं का? आणि आजीच्या आठवणीवर विसंबायचं तरी किती? लालबागच्या रस्त्यावरचा तिचा आणि आजोबांचा एक फोटो आहे, मागे ट्राम आहे. ती म्हणते, काका दोन वर्षांचे होते तेव्हाचा. काकांचा जन्म १९६४चा. शिवाय चुलतभाऊ सगळे फोटो एआयनं रंगवून, हलते करून कार्यक्रमात दाखवणार आहे आणि आत्याला तिचा मूळ फोटो हवा आहे. काय करू?

— एक नात

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून आधी त्या पाकिटाला हात जोडले. लोक फोटो अल्बमात लावतात आणि पाकीट केरात टाकतात. तुमच्या घरात ते कुणीतरी चाळीस वर्षांच्या वर जपलं. कुणी, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पुढे लिहिण्याआधी एक. हे पत्र छापताना मी तुमचं गाव आणि आणखी दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत. काकांनी चहा पिता पिता हे पान उघडलं तरी त्यांना ओळखू येणार नाही. आजीनं ‘सांगू नको’ म्हटल्यावर तू मला सांगितलंस, तेवढं नाव नसल्यामुळे आपण दोघी खपवून घेऊ. याहून जास्त नाही. बाबांना नाही, मैत्रिणीला नाही, लग्न झालं असेल तर नवऱ्यालाही नाही.

तू मला परवानगी विचारते आहेस, पण ती माझ्या हातात नाही. आजीनं दोन आज्ञा दिल्या आहेत आणि दोन्ही अगदी स्पष्ट आहेत. मुलाखती गोळा करणाऱ्या मोठ्या संस्थांत यासाठी करारनामे करतात. कुठला भाग कधीपर्यंत बंद ठेवायचा ते कलमानुसार लिहितात. तुझ्या आजीनं तेच काम आठ शब्दांत केलं. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे मुदत. पुढच्या रविवारी तेवढंच विचार : “आजी, कधीपर्यंत सांगायचं नाही?” ती म्हणेल, मी असेपर्यंत. किंवा म्हणेल, तुझी मुलं मोठी झाली की सांग. किंवा म्हणेल, कधीच नाही. जे म्हणेल ते तिच्या आवाजात रेकॉर्ड कर आणि एका कागदावर तारखेसह लिहून त्या फाइलसोबत ठेव. उद्या तू परगावी असशील, फाइल भावाच्या हाती लागेल, तेव्हा तो कागदच बोलेल.

आता ‘पुसू नको’. तुझी वीस मिनिटं या घडीला एकाच फोनमध्ये असतील, पैज लावते. आज रात्री ती बाहेर काढ. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक अशा ठिकाणी जिथे घरातल्या इतरांचा पासवर्ड चालत नाही. पुष्कळांचे फोटो आणि रेकॉर्डिंग आपोआप घरच्या सामाईक खात्यात जाऊन बसतात आणि मग काकूच्या टीव्हीवर ‘आठवणी’ म्हणून वर येतात. तुझं तसं नाही ना, हे आधी बघ. फाइलला ‘ऑडिओ ००१७’ असलं नाव ठेवू नको. तारीख आणि कुठल्या फोटोवर बोलणं झालं ते नावात घाल. आणि उतरवून काढशील तेव्हा आजीच्या बोलीतच उतरव. ‘रातचे’चं ‘रात्रीच्या वेळी’ केलंस की आजी गेली, तुझ्या शाळेतल्या बाई उरल्या.

मग काका. मला इथे जरा थांबायचं आहे, कारण पत्रात तू त्यांना ‘ज्यांना ठाऊक नाही ते’ असं धरून चालली आहेस.

काका तेव्हा अठरा वर्षांचे. चाळीतली खोली असणार दहा बाय बाराची. आत बायका आणि लहान मुलं, बाहेर गॅलरीत पुरुष आणि मोठी पोरं ओळीनं झोपलेली, ही गिरणगावातली रीत. रात्री खोलीतून निघून जिन्याकडे जाणाऱ्या माणसाला त्या सगळ्या अंथरुणांवरून पाय टाकत जावं लागतं. आता तूच सांग. दिवसा मोर्च्यात घोषणा देणारा मुलगा रात्री गॅलरीत पडलेला आहे आणि बाप त्याला ओलांडून जातो आहे. एक दिवस नाही, कित्येक दिवस. मुलाला जाग आली नसेल?

आली असेल असं मी म्हणत नाही. आजोबा दुसरीकडून जात असतील, किंवा आत गेले की आठवडा-आठवडा बाहेरच येत नसतील आणि घरी ‘गावाला गेलेत’ असं सांगितलं असेल. पण काकांचं ते वाक्य पुन्हा वाच. ‘गेटच्या आत पाऊल टाकलं नाही.’ कुणी विचारलेलं नसताना माणूस इतकं नेमकं कधी लिहितो? मला तर ते वाक्य दारात आडव्या धरलेल्या हातासारखं वाटलं. आईला ठाऊक आहे हे मुलाला ठाऊक आहे, आणि दोघांनी एवढी वर्षं एकमेकांना कळू दिलेलं नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. तू मध्येच फोन ठेवून ‘प्ले’ दाबशील तर कुणाला नवं काही कळणार नाही, फक्त दोन माणसांचा बंदोबस्त मोडेल.

तुझ्या पिढीला ‘संपात आत गेला’ या शब्दांचं वजन कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. साधारण अडीच लाख कामगार. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, आणि माणसं हळूहळू विरत गेली. कोकणातले, घाटावरचे कित्येक गावाला निघून गेले. गळ्यातलं गेलं, मग तांब्या-पितळेची भांडी गेली, मग मुलांच्या शाळा. जे आत गेले त्यांना ‘फुटले’ म्हणायचे आणि ते नुसतं म्हणण्यावर थांबायचं नाही. मारहाण व्हायची, गावच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, बसायला जागा मिळायची नाही, भजनात शेजारी कुणी टाळ धरायचं नाही. बाहेर राहिलेल्यांचा राग समजण्यासारखा होता. त्यांनी खरोखर सगळं पणाला लावलं होतं. आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या तेव्हा आतले आणि बाहेरचे दोघेही रस्त्यावर आले. त्यामुळे आजोबांना वीर ठरवायचं की भेकड, या पंचायतीत तू पडू नकोस. तुझं काम वेगळं आहे.

ते काम म्हणजे विचारत राहणं. पण ‘का गेले’ असं नव्हे. ‘तुला तेव्हा कसं वाटलं’ असंही नव्हे, हा प्रश्न टीव्हीवाल्यांनी इतका वापरलाय की म्हाताऱ्या माणसांना त्याचं एकच उत्तर येतं : “काय वाटणार?” वस्तू विचार. आजोबा डबा न्यायचे का? रात्री डबा घेऊन निघालेला माणूस कुठे चाललाय हे अख्ख्या चाळीला कळतं, मग ते जेवायचे कुठे? पायात काय असायचं? दाराची कडी कोण लावायचं? पगार हातात यायचा तेव्हा दुकानदाराची उधारी लगेच फेडायची की मुद्दाम थांबायचं, संशय नको म्हणून? फ्रॉक कुठून आणला, आणि तो घालून पोर चाळीत फिरली तेव्हा शेजारीण काय म्हणाली? एका डब्याच्या उत्तरात जेवढं मिळेल तेवढं दहा ‘का’मध्ये मिळणार नाही.

ती गप्प झाली तर तू बोलू नकोस. मनात वीस अंक मोज. पत्रात ‘आजी बराच वेळ गप्प’ असं लिहिलंस ना, तेव्हा तू मध्ये तोंड घातलं नाहीस म्हणून ते वाक्य आलं.

मी घातलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी मामाला घेऊन बसले होते, पुण्याचा पूर बोलवून घ्यायला. तो रंगात आला होता. लकडी पुलाशी उभा होता, पाण्यातून वाहत येणारं फर्निचर, कुणाचा तरी तानपुरा. आणि तो म्हणाला, “बासष्ट साल असेल.” मी लगेच, “मामा, एकसष्ट. १२ जुलै १९६१.” तारीख माझी बरोबर होती. त्यानंतर मामा अर्धा तास ‘हो’, ‘नाही’, ‘असेल’ एवढंच बोलला. तानपुरा कुणाचा होता ते मला कधीच कळलं नाही, आणि आता मामाही नाही.

ट्रामच्या फोटोबद्दल म्हणून सांगते. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, बोरीबंदर ते दादर. त्यामुळे त्या फोटोत ट्राम असेल तर तो काका दोन वर्षांचे असतानाचा, म्हणजे १९६६चा, असणं शक्य नाही. आजीचं साल चुकलं आहे. पण ती चूक फेकून देऊ नको, त्यातच काहीतरी आहे. कोकणातल्या गिरणीवाल्यांच्या बायका एकदा मुंबईला आल्या की कायमच्या आल्या असं फार कमी वेळा घडलं. लग्नानंतर चार महिने यायच्या, बाळंतपणाला गावी, भातलावणीला गावी, सासू आजारी म्हणून गावी. माझा अंदाज असा की आजी लग्न झाल्यावर एकदा आली असेल, फोटो तेव्हाचा. मग काकांना घेऊन दोन वर्षांनी पुन्हा आली आणि तिच्या लेखी खरी मुंबई तिथून सुरू झाली. दोन येणी एका फोटोत जाऊन बसली. तिला साल सांगू नको. एवढंच विचार, “आजी, तू मुंबईला किती वेळा आलीस?” आणि कशी आलीस तेही. बोटीनं की एसटीनं?

बाकीच्या फोटोंच्या तारखा लावायला असल्याच बारीकसारीक खुणा शोध. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता वाच. ‘मुंबई १२’ असेल तर बहुधा जुना, ‘४०० ०१२’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा आला. (उलटं मात्र छातीठोक धरू नको, दुकानदार जुना शिक्का झिजेपर्यंत वापरतो.) चौकोनी छोटे फोटो असतील तर कुणाच्या तरी आगफा क्लिकमधले असतील, एका रोलमध्ये बारा निघायचे आणि एक कॅमेरा अख्ख्या चाळीत फिरायचा. मग ‘कॅमेरा कुणाचा होता?’ हाही प्रश्न झाला. फोटोच्या मागे उभा असलेला माणूस फोटोत कधीच नसतो आणि बऱ्याचदा तोच घरातला सगळ्यात रंगेल असतो.

आणि ट्रंकेचा तळ बघ. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, तिकीट नंबर. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागायचा. कित्येक घरांत ट्रंका पहिल्यांदा उघडल्या त्या तेव्हाच. तुमच्याकडे अर्ज कुणी भरला होता? काकांनी भरला असेल तर ते कागद त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. हेही मनात ठेव, बोलू नको.

आता स्मरणिका. माझं मत आडवळणाचं वाटेल, पण सांगते. काकांचं वाक्य खोडायला जाऊ नको, त्याची जागा बदल. सुरुवात तू लिही, आणि त्यात जे नक्की आहे तेवढंच : कुठल्या गावाहून आले, कुठल्या खात्यात लागले, आधी बदली कामगार होते का, कायम कधी झाले, खोलीत किती माणसं होती, १९८२ला संप झाला तेव्हा घरात किती तोंडं होती. मग ‘थोरल्या मुलाच्या आठवणी’ म्हणून काकांचं एक पान, खाली त्यांचं नाव. तिथे ते म्हणोत की बाबांनी गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. मुलानं बापाविषयी सही करून सांगितलेली गोष्ट झाली ती. कुटुंबानं छापलेली वंशावळ नव्हे. त्या पानासाठी काकांनाही फोनसमोर बसव. अठराव्या वर्षी मोर्च्यात गेलेला मुलगा आहे तो, त्याला कुणी कधी विचारलं आहे का? त्याला गॅलरीबद्दल विचार. कोण कुठे झोपायचं, एवढंच. आणि वीस अंक मोज.

छापायला जाण्याआधी पूर्ण प्रूफ आजीला वाचून दाखव. एकटीला, दार लावून, काकांच्या पानासकट. सोहळा तिचा आहे, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटायचं कारण नाही. ती म्हणाली ‘राहू दे’ तर राहू दे. ती म्हणाली ‘ह्ये काढ’ तर काकांना ती स्वतः सांगेल. ऐंशी वर्षांच्या बाईला मुलाशी कसं बोलायचं ते मी-तू शिकवायला नको.

फोटोंचं पटकन. लॅमिनेशन करू नको. मागे बॉलपेननं लिहू नको, मऊ पेन्सिलीनं कडेला हलकेच लिही. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नको. दात साफ करायचा बारीक दोरा खालून सरकवत सरकवत सोडव. काचेला चिकटलेला फोटो तर सोडवूच नको, काचेसकट स्कॅन कर. स्कॅन सहाशे डीपीआयला, पुढून आणि मागून, पाकिटाचंही. ग्रुपवर टाकलेला फोटो जपलेला फोटो नव्हे, तिथे तो आवळून लहान होतो. रेकॉर्डिंगला बसताना पंखा बंद कर. माणसाच्या कानाला पंखा ऐकू येत नाही, फोनला तेवढाच ऐकू येतो. एप्रिल-मे असेल तर सकाळी बस.

आत्याला तिचा फोटो दे. स्कॅन करून, आजीला विचारून, आणि आजी हो म्हणाली तर पाकिटासकट. त्यावर तारीख आहे, आरोप नाही. आत्याला कधी हिशेब मांडावासा वाटला तर ती मांडेल. फोटो तिचा आहे, बाप तिचाही होता.

चुलतभावाला प्रती दे, मूळ स्कॅन देऊ नको. तरुण मुलगा आहे, हौस करू दे. पण दोन अटी घाल. रंगवलेल्या फोटोखाली ‘संगणकानं रंगवलेला’ असं लिहायचं. आणि आजोबांचा चेहरा हलता करण्याआधी आजीला विचारायचं. अकरा वर्षांपूर्वी गेलेला नवरा दोनशे माणसांसमोर पडद्यावर अचानक डोळे मिचकावतो, हे सगळ्याच बायकांना आवडेल असं नाही. शिवाय त्या मशीनला झालरीच्या फ्रॉकचा रंग ठाऊक नसतो. ते सरासरीनं गुलाबी भरून मोकळं होईल, आणि पाच वर्षांनी आत्या स्वतःच म्हणेल की माझा फ्रॉक गुलाबी होता.

रंग आजीला ठाऊक आहे. तो फ्रॉक कुठल्या पैशांतून आला ते तिला ठाऊक आहे, म्हणजे रंग ती विसरणं शक्य नाही. येत्या रविवारी बाकी काही नाही झालं तरी चालेल, तेवढा विचारून घे. आणि मला कळव, काय होता.